वेगवेगळ्या घरांतून एकत्र वाजवताना

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हणून जाहीर केलं आणि पाठोपाठ सभागृहं बंद झाली. आमचा चेंबर ऑर्केस्ट्रा फक्त तंतुवाद्यांचा: सहा पहिली व्हायोलिन, पाच दुसरी, चार व्हिओला, तीन चेलो आणि एक डबल बेस. एकूण १९ वादक, १९ घरं. आधी घरोघरी रेकॉर्ड करून आणि नंतर रिकाम्या सभागृहातून थेट प्रक्षेपण करून आम्ही संगीत लोकांपर्यंत पोचवत राहिलो. ते कसं केलं, कुठे अडलं आणि का अडलं, ते इथे लिहितो आहोत. लांबलांब राहणाऱ्या वादकांना, गायकवृंदांना आजही हे करावं लागतं. त्यांना यातलं बरंच जसंच्या तसं वापरता येईल.

सगळ्यात आधी विचारला जातो तो प्रश्न म्हणजे, व्हिडिओ कॉलवर सगळ्यांनी एकदम का नाही वाजवायचं? याचं उत्तर आवाजाच्या वेगात आहे. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर. दहा मीटर रुंद मंचाच्या एका टोकाच्या बेसचा सूर दुसऱ्या टोकाच्या व्हायोलिनपर्यंत पोचायला २९ मिलिसेकंद लागतात. एवढा उशीर वादकांच्या अंगवळणी पडलेला असतो, कारण गज दिसतो, लीडरची (पहिल्या व्हायोलिनांच्या प्रमुखाची) मान दिसते, श्वास दिसतो. व्हिडिओ कॉलवर मात्र उशीर सहज शंभर ते दोनशे मिलिसेकंदांचा होतो, आणि तो स्थिरही नसतो. मिनिटाला १२० क्रोचेटच्या (एका मात्रेच्या सुरांच्या) लयीत एक सेमीक्वेव्हर (पाव मात्रेचा सूर) १२५ मिलिसेकंदांचा असतो. म्हणजे समोरचा माणूस तुम्हाला एक अख्खा सेमीक्वेव्हर मागून ऐकू येतो. तुम्ही त्याच्यासाठी थांबता, तो तुमच्यासाठी थांबतो, आणि आठ-दहा बारांत (ठरावीक मात्रांच्या गटांत) लय मंदावत जाते. त्यात ही अ‍ॅपं बोलण्यासाठी बनवलेली असतात. लांब धरलेला एकच सूर त्यांना पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो आणि ती तो दाबून टाकतात. ‘मूळ आवाज’ ठेवण्याची सोय चालू केली की दाबणं थांबतं, उशीर तसाच राहतो.

जॅमुलस आणि जॅकट्रिप हे खास वादकांसाठीचे प्रोग्रॅम आम्ही वापरून पाहिले. ते खरोखर चालतात, पण अटी कडक आहेत. राउटरला केबल लावायची, वायफाय नाही. फोनचा माइक नाही, ऑडिओ इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारं यंत्र) हवा, आणि त्याचा बफर, म्हणजे एका वेळी साठवून पुढे पाठवायचा आवाजाचा तुकडा, १२८ सॅम्पल किंवा कमी (४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पल म्हणजे २.७ मिलिसेकंद). शिवाय सगळे जवळपासच्या परिसरात हवेत, कारण फायबरमधून प्रकाशालाही दर दोनशे किलोमीटरला एक मिलिसेकंद लागतो. एवढं जमवलं की चौघांना क्वार्टेटची तालीम चांगली करता येते. आम्ही ती केलीही. पण १९ घरांत १९ इंटरफेस आणि १९ केबली जमणं शक्य नव्हतं. तेव्हा प्रत्येकाने आपापला पार्ट वेगळा वाजवायचा आणि नंतर जोडायचा, एवढाच मार्ग उरला.

पहिली रचना निवडली मोझार्टच्या डी मेजर डिव्हर्टिमेंटोची, के. १३६, पहिला भाग. कारण साधं होतं: लय एकसारखी आहे आणि खालची वाद्यं सरळ क्वेव्हरचे (अर्ध्या मात्रेचे) ठोके देत राहतात, त्यामुळे वरच्यांना धरायला काठी मिळते. ज्या संगीतात सतत काहीतरी ठोकत असतं ते घरून रेकॉर्ड करायला सोपं. दुसरी रचना एल्गारच्या ई मायनर सेरेनेडमधली लार्गेटो, म्हणजे तिचा संथ भाग. ती जाणूनबुजून अवघड म्हणून घेतली. हळू, श्वास घेत पुढे जाणारी, दर दोन बारांत लय किंचित ताणणारी. पहिलीवर जे शिकलो ते दुसरीवर पुरलं नाही. दोन्ही संगीतकारांचे कॉपीराइट संपलेले असल्यामुळे स्वरलिपी मोकळेपणाने मिळाली, पण इथे एक सावधगिरी हवी: सगळ्यांनी एकाच आवृत्तीचे पार्ट घ्यावेत. वेगवेगळ्या आवृत्त्यांत गज वर-खाली नेण्याच्या खुणा वेगळ्या, सूर जोडणारे स्लर वेगळे, कधी बारचे क्रमांकही वेगळे. एकाकडे पुनरावृत्तीनंतरचा बार ४१ आणि दुसऱ्याकडे ४२ असला की ‘बार ४१ पुन्हा वाजव’ या निरोपाला काही अर्थ राहत नाही.

आता मुख्य गोष्ट, गाइड ट्रॅक, म्हणजे प्रत्येकाने कानात ऐकत ज्याच्याबरोबर वाजवायचं ते रेकॉर्डिंग. या सगळ्या खटाटोपात कुठे वेळ घालवायचा असेल तर तो इथे, असं आमचं ठाम मत आहे. महागडा माइक नसला तरी चालतं, गाइड वाईट असला तर काहीच चालत नाही.

सुरुवातीला आम्ही सगळ्यांना नुसता मेट्रोनोमचा क्लिक पाठवला. मोझार्टचे १९ ट्रॅक आले, एकाखाली एक लावले, ऐकले. प्रत्येक जण क्लिकबरोबर होता आणि तरी ऑर्केस्ट्रा एकत्र नव्हता. क्लिक फक्त मात्रा सांगतो. दोन मात्रांच्या मधे काय करायचं ते सांगत नाही. कोणी सेमीक्वेव्हर जरा घाईने पळवतं, कोणी पहिल्या सुरावर रेंगाळून उरलेले तीन भरभर उरकतं, कोणी वाक्याच्या शेवटी नेहमीच्या सवयीने थांबतं आणि पुढच्या क्लिकला धावत गाठतं. मंचावर या सवयी एकमेकांना ऐकून आपोआप घासल्या जातात. घरात कानात लाकडी टकटक असते, घासायला कोणी नसतं.

म्हणून क्रम बदलला. आधी एका पियानोवादकाने संपूर्ण रचनेचं पियानोसाठीचं संक्षिप्त रूप क्लिकशिवाय वाजवलं. लय, थांबे, शेवटचा रिटार्डांडो (लय हळूहळू संथ होणं), सगळं कंडक्टरशी, म्हणजे हातांनी लय दाखवणाऱ्या संचालकाशी, आधी बोलून ठरवलेलं. ते रेकॉर्डिंग रीपर या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये घेतलं आणि प्रत्येक मात्रेवर खूण करत टेम्पो मॅप बनवला, म्हणजे क्लिक माणसाच्या मागे चालेल, माणूस क्लिकच्या मागे नाही. लार्गेटोसाठी खुणा क्रोचेटवर नाही, क्वेव्हरवर केल्या. हळू लयीत दोन क्लिकमधलं अंतर एवढं मोठं होतं की त्यात प्रत्येकाचा अंदाज वेगळा पडतो. मग कंडक्टरने तो पियानो कानात घेऊन कॅमेऱ्यासमोर हात केले. पुढची पायरी महत्त्वाची: लीडरने पियानो आणि कंडक्टरचा व्हिडिओ घेऊन आपला पार्ट वाजवला, त्यावर एका चेलोने, त्यावर बेसने. हे तिघं चांगले बसेपर्यंत पुन्हा पुन्हा केलं. बसल्यावर मिक्समधला पियानो जवळजवळ बंद केला आणि लीडर, चेलो, बेस, कंडक्टर असा दुसरा गाइड बाकी सोळा जणांना पाठवला. त्यांना आता तंतुवाद्यांबरोबर वाजवायचं होतं: गज कुठे तारेवर टेकतो, सूर किती लांब धरतात, हे त्यांना कानाने कळत होतं. क्लिक काढला नाही, पण त्याचा आवाज कमी केला, आणि जिथे लांब सूर किंवा विराम आहेत तिथेच वर आणला. क्लिकचा आवाज लाकडी ठोक्यासारखा ठेवला. तीक्ष्ण पिप हेडफोनमधून गळते आणि माइकमध्ये उतरते.

लीडरला एक सूचना मुद्दाम दिली होती: प्रत्येक प्रवेशाआधी श्वास ऐकू येईल असा घ्यायचा, लयीतच. एरवी रेकॉर्डिंगमध्ये हा श्वास दोष मानतात. गाइडमध्ये तो सोन्याचा. लार्गेटोच्या सुरुवातीला सहा व्हायोलिनांचे गज एकदम तारेवर उतरले ते त्या श्वासामुळे. दोन बार मोजून दिल्याने तसं होत नव्हतं.

गाइडच्या फाइलची रचनाही ठरवून घेतली. सुरुवातीला एक छोटी पिप. मग दहा सेकंद ए हा सूर, तार लावण्यासाठी. मग दोन बारांची मोजणी, मग संगीत, मग पाच सेकंद शांतता, आणि शेवटी पुन्हा एक पिप. दोन्ही पिपांचं काम पुढे सांगतो. ए का, तर कोणाचा ट्यूनर ४४० हर्ट्झवर असतो आणि कोणाचा ४४२ वर. फरक जेमतेम आठ सेंटचा (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग), एकेकटं ऐकलं तर कोणालाच कळणार नाही. पण दोन व्हायोलिन तोच ए धरून बसली की सेकंदाला दोनदा आवाज हेलकावतो, आणि तो हेलकावा मिक्समध्ये काढता येत नाही. ट्यूनर बाजूला ठेवून गाइडमधल्या ए-शी तार लावायची, असा नियम केला. घरच्या गरम खोलीत तार उतरते, म्हणून प्रत्येक टेकआधी (रेकॉर्डिंगच्या प्रत्येक प्रयत्नाआधी) पुन्हा लावायची.

याबरोबर दोन पानांची लेखी सूचना गेली. तालमीत कंडक्टर जे दहा सेकंदांत तोंडी सांगतो ते सगळं इथे लिहावं लागतं: कोणत्या बारात गजाचा कुठला भाग, कुठे व्हायब्रेटो (बोट हलवून सुराला दिलेलं कंपन) अरुंद, कुठे अजिबात नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं, सूर कुठे सोडायचा. ‘शेवटचा मिनिम (दोन मात्रांचा सूर) पूर्ण धरा’ एवढं लिहून भागत नाही. ‘तिसऱ्या मात्रेच्या क्लिकवर गज उचला’ असं लिहावं लागतं. सूर सुरू करताना सगळे काळजी घेतात, सोडताना प्रत्येक जण आपल्या मनाने सोडतो आणि शेवट फाटतो. आणखी एक ओळ ठळक केली होती: सोलो वाजवू नका, सेक्शनमध्ये (एकच पार्ट वाजवणाऱ्या गटात) वाजवा. एकट्याने खोलीत वाजवताना प्रत्येक जण नकळत सोलोवादक होतो, व्हायब्रेटो मोठा करतो, सूर पुढे फेकतो. असे सहा सोलोवादक एकावर एक ठेवले तर पहिल्या व्हायोलिनचा सेक्शन होत नाही.

घरच्या रेकॉर्डिंगला दोन उपकरणं लागतात. एकावर गाइड ऐकायचा आणि बघायचा, दुसऱ्यावर रेकॉर्ड करायचं. हेडफोन तारेचेच. ब्लूटूथमध्ये आवाज दीडशे ते तीनशे मिलिसेकंद उशिरा येतो, पडद्यावरचा कंडक्टर आणि कानातला सूर यांची फारकत होते, आणि वादकाला काय चुकतंय तेच कळत नाही. कानात घट्ट बसणारे छोटे हेडफोन बरे. व्हायोलिनवाल्यांना आपला सूर ऐकायला एक कान उघडा लागतो. तेव्हा उघड्या कानाचा हेडफोन लोंबकळत ठेवू नये, त्याचा आवाज बंद करावा. नाही तर तो हनुवटीजवळून माइकला गाइड ऐकवत बसतो.

फोन तिवईवर आडवा, वाद्यापासून दीड-दोन मीटरवर, वाद्याच्या उंचीपेक्षा थोडा वर. फार जवळ ठेवला तर राळेची करकर येते आणि फोनची स्वयंचलित आवाजनियंत्रणाची सोय जोरात काम करते. ही सोय हळू वाजवलेलं वर आणते आणि जोरात वाजवलेलं खाली दाबते, म्हणजे तुमचा क्रेशेंडो (हळूहळू वाढवलेला आवाज) खाऊन टाकते. ती बंद करता येईल असं रेकॉर्डिंग अ‍ॅप मिळालं तर उत्तम. वेगळा रेकॉर्डर असलेल्यांनी ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल, सर्वांत मोठ्या सुराला पातळी उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान, असं ठेवलं. खोलीत पडदे, गादी, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट, जे मऊ असेल ते. खोलीचा कोपरा टाळायचा, चेलोने तर नक्कीच, कोपऱ्यात काही खालचे सूर फुगतात. पंखा बंद, फ्रिज शेजारच्या खोलीत असेल तर दार बंद, फोन विमान मोडवर. चांगला टेक चालू असताना फोन वाजणं ही आमच्याकडे सर्वांत जास्त वेळा घडलेली अडचण होती.

टाळी वाजवून जुळवणी करायची पद्धत चित्रपटवाल्यांची. ती आम्हीही वापरली, पण फक्त एकाच वादकाचा आवाज आणि चित्र जुळवायला. सगळ्या वादकांना एकमेकांशी जुळवायला टाळी पुरत नाही, कारण क्लिकवर टाळी देतानाच माणूस वीसेक मिलिसेकंद इकडेतिकडे होतो. त्यासाठी गाइडची पिप. वादकाने रेकॉर्डिंग सुरू करायचं, हेडफोन काढून माइकला टेकवायचा, गाइडची पहिली पिप त्यात उतरू द्यायची, मग दहा सेकंदांच्या ए-मध्ये हेडफोन कानात घालून तार तपासायची. संगीत संपलं की पाच सेकंदांच्या शांततेत हेडफोन परत माइकपाशी. दोन पिपा मिळाल्या की फाइल गाइडवर कुठे बसते ते सॅम्पलपर्यंत अचूक कळतं. आणि दुसरं, जे आम्हाला आधी सुचलं नव्हतं: दोन उपकरणांची घड्याळं कधीच तंतोतंत एका वेगाने चालत नाहीत. दशलक्षात पन्नास भागांचा फरक असला तरी दहा मिनिटांत ३० मिलिसेकंदांची तफावत पडते. ट्रॅक सुरुवातीला घट्ट आणि शेवटी सैल, असं दिसलं की आधी वादकावर संशय जातो. दोन पिपांमधलं अंतर मोजून फाइल तेवढी ताणली की वादक निर्दोष सुटतो.

प्रत्येकाने सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीन टेक द्यायचे, तुकडे नाही. तुकड्यांत गजाचा जोर आणि माइकपासूनचं अंतर बदलतं.

फाइली गोळा करताना दोन गोष्टींनी फार त्रास दिला. पहिली म्हणजे मेसेजिंग अ‍ॅपवरून आलेले व्हिडिओ. अ‍ॅप ते दाबून लहान करतं आणि आवाजाचं वरचं टोक उडवून टाकतं. क्लाउडवर फोल्डर करून मूळ फाइल चढवायला सांगावी. ४८ किलोहर्ट्झ २४ बिट मोनो वेव्ह मिनिटाला ८.६४ मेगाबाइटची असते, त्यामुळे आवाज जड नसतो, व्हिडिओ असतो. दुसरी गोष्ट, ४४.१ किलोहर्ट्झच्या फाइली. चांगला प्रोग्रॅम त्या नीट बदलून घेतो. पण कुठेतरी ४४.१ ची फाइल ४८ ची समजून उघडली गेली तर ती जवळजवळ नऊ टक्के वेगाने पळते आणि सूर दीड सेमीटोन चढतो. दुसऱ्या व्हायोलिनचा एक ट्रॅक असाच आला. फोनचे व्हिडिओ बहुतेकदा बदलत्या फ्रेमदराने रेकॉर्ड होतात, प्रकाश कमी झाला की फोन फ्रेम गाळतो, आणि एडिटिंगमध्ये आवाज आणि गज यांचा मेळ हळूहळू सुटत जातो. हँडब्रेक या व्हिडिओ बदलण्याच्या प्रोग्रॅममधून ते स्थिर फ्रेमदराचे करून घेतल्याशिवाय टाइमलाइनवर ठेवूच नयेत. फाइलीचं नाव ‘वाद्य, डेस्क क्रमांक, रचना, टेक’ याच क्रमाने (डेस्क म्हणजे एका स्टँडवरची जागा). १९ जणांचे तीन टेक म्हणजे ५७ फाइली, त्याला व्हिडिओ वेगळे.

जुळवणी खालून वर करत गेलो. आधी बेस, त्यावर चेलो, मग व्हिओला, दुसरी व्हायोलिन, शेवटी पहिली. सुराचा पाया खालून बांधला की वरच्यांपैकी कोण खरंच बेसूर आहे आणि कोणाशी कोणाचा नुसता रंग जुळत नाही, हे वेगळं ऐकू येतं. किती सरकवायचं याचा आमचा अंदाज असा बसला: लांब धरलेल्या सुरात ३०-४० मिलिसेकंदांचा फरक कानाला खुपत नाही, उलट सेक्शनला भरीवपणा येतो. पिझिकाटोत, म्हणजे तार बोटाने छेडताना, १५ मिलिसेकंदही ऐकू येतात, बोटांनी वाळू सांडावी तसा आवाज होतो. म्हणून पिझिकाटो, एकत्र प्रवेश आणि एकत्र शेवट एवढंच हाताने नीट लावलं, मधलं सोडून दिलं. एकदा आम्ही मोझार्टचे पहिले १६ बार ग्रिडवर (मात्रांच्या आखीव रेषांवर) तंतोतंत बसवून पाहिले. सहा व्हायोलिनांचं एकच जाड, यांत्रिक व्हायोलिन झालं. ते सगळं परत सैल केलं. पाच मिनिटांच्या संगीताला नुसत्या जुळवणीचे दोन पूर्ण दिवस धरावेत.

सुराची दुरुस्ती सॉफ्टवेअरने करता येते, पण आम्ही क्वचित केली. सहांपैकी एकाचा एक बार खाली गेला असेल तर त्या बारापुरता त्याचा आवाज कमी करायचा. बाकीचे पाच भार उचलतात. मंचावरही हेच होतं.

खोलीच्या आवाजाचा हिशेब आधी लक्षात आला नव्हता. एका ट्रॅकवरची बारीक खरखर नगण्य वाटते. सारख्याच पातळीच्या १९ खरखरी एकत्र आल्या की ती जवळजवळ १३ डेसिबलने वर येते, आणि लार्गेटोच्या हळू आवाजाच्या जागी ऐकू यायला लागते. प्रत्येक ट्रॅक विरामाच्या जागी बंद करणे आणि वाद्याच्या सर्वांत खालच्या सुराच्या खालचं सगळं कापणे, हे दोन उपाय पुरले. व्हायोलिनचा खालचा जी १९६ हर्ट्झचा, तेव्हा १५० च्या खाली फक्त रस्ता आणि पंखा असतो. व्हिओलाचा सी १३१ चा, चेलोचा ६५ चा. बेसचा खालचा ई ४१ हर्ट्झचा आहे आणि फोनवर ऐकणाऱ्याला तो मुळातच ऐकू येत नाही. त्याला बेस जाणवतो तो वरच्या हार्मोनिकांमधून, म्हणजे त्याच सुराबरोबर उमटणाऱ्या वरच्या सुरांमधून. त्यामुळे बेसचा आवाज नुसता मोठा करण्याऐवजी त्याचा मधला भाग, गजाच्या घासण्यासकट, थोडा उचलला. लहान खोल्यांचा डबक्यासारखा आवाज तीनशे ते पाचशे हर्ट्झच्या आसपास बसलेला असतो, तिथे दोन-तीन डेसिबल कमी केले.

मग सगळ्यांना एका खोलीत आणायचं. प्रत्येक ट्रॅकला स्वतंत्र रिव्हर्ब (सभागृहासारखा घुमणारा आवाज) लावणं ही चूक. सगळे एकाच रिव्हर्बमध्ये पाठवायचे, म्हणजे एकच सभागृह तयार होतं. आम्ही सभागृहाच्या प्रत्यक्ष प्रतिध्वनीवर चालणारा रिव्हर्ब, दोन सेकंदांच्या आतला, वापरला. मागे बसणाऱ्यांना त्यात जास्त पाठवलं, पुढच्यांना कमी. डावी-उजवी मांडणी मंचावर बसतो तशीच. शेवटचा आवाज फार दाबून सपाट केला नाही. व्हिडिओच्या साइट मोठा आवाज साधारण उणे १४ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) खाली आणतात, त्यामुळे जोर लावून काही पदरात पडत नाही. कमाल पातळी उणे एक डेसिबलवर थांबवली आणि हळू जागा हळूच राहू दिल्या.

लीडरचा श्वास मिक्समध्ये ठेवला, बाकी १८ जणांचे काढले.

चित्राबद्दल थोडक्यात. आवाज पूर्ण झाल्याशिवाय चित्राला हात लावू नये. २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, त्याहून बारीक जुळवणी चित्रात होतच नाही. काही फोन पुढच्या कॅमेऱ्याचं चित्र आरशासारखं उलटं साठवतात आणि गज डाव्या हातात दिसतो; ते उलटवून घ्यावं. १९ चौकटी सतत दाखवल्या तर कोणाकडेच बघितलं जात नाही, म्हणून जिथे ज्या वाद्याकडे धून जाते तिथे त्या दोन-तीन चौकटी मोठ्या केल्या. १९ व्हिडिओ एकदम चालवताना संगणक अडखळतो, हलक्या प्रती करून एडिट करावं आणि शेवटी मूळ फाइली जोडाव्यात.

प्रकाशित केल्यावर दुसऱ्याच दिवशी मोझार्टच्या व्हिडिओवर हक्काचा दावा आला. रचना मोकळी असली तरी तिचं दुसऱ्या कोणाचं तरी ध्वनिमुद्रण मोकळं नसतं, आणि यंत्रणा आवाजाचा ठसा जुळवून पाहते. लय आणि सूर नीट असले की ठसा जुळू शकतो. अशा वेळी घाबरून व्हिडिओ काढू नये. संगीतकाराच्या मृत्यूचं साल, वापरलेली आवृत्ती आणि ‘हे ध्वनिमुद्रण आमचं स्वतःचं आहे’ असं स्पष्ट लिहून आक्षेप नोंदवावा. आमचा दावा उठला. सर्व वादकांची प्रसारणाला लेखी संमती आधीच घेतलेली असावी, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

दुसरा टप्पा सभागृहात परतण्याचा. बर्लिन फिलहार्मोनिकने १२ मार्च २०२० रोजीच रिकाम्या सभागृहातून कार्यक्रम प्रसारित केला होता, आणि १ मे रोजी मोजक्या वादकांना अंतरावर बसवून पुन्हा एक. तो बघून आम्हाला अंतराचा अंदाज आला. आम्ही दोन मीटर ठेवलं, प्रत्येकाला स्वतंत्र स्टँड. लगेच एक साधी अडचण उभी राहिली. एरवी एका स्टँडवर दोघं असतात, आतल्या बाजूचा पान उलटतो, बाहेरचा वाजवत राहतो. आता प्रत्येक जण स्वतःचं पान उलटणार, म्हणजे पान संपलं की अख्खा सेक्शन एकदम गप्प. सगळे पार्ट नव्याने जुळवून छापले, पान विरामावरच संपेल असे, आणि जिथे विरामच नाही तिथे तीन पानं शेजारी चिकटवली.

दुसरी अडचण कानाची. पसरून बसल्यावर बेसपासून पहिल्या व्हायोलिनच्या शेवटच्या डेस्कपर्यंत १४ मीटर झाले, म्हणजे ४१ मिलिसेकंद. कानाने ऐकून वाजवलं की मागचे मागे राहतात. गाइडवर वाजवण्याच्या सवयीमुळे सगळे आणखीच कानावर विसंबले होते. तालमीचा पहिला तास आम्ही फक्त लीडरच्या गजाकडे बघून, आवाजाकडे दुर्लक्ष करून वाजवण्यात घालवला, आणि मागच्या डेस्कना वाटेल त्यापेक्षा किंचित आधी वाजवायला सांगितलं.

प्रक्षेपणासाठी कंडक्टरच्या मागे, तीन मीटर उंचीवर, दोन कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणारे) माइक १७ सेंटिमीटर अंतरावर, ११० अंशांच्या कोनात, आणि चेलो-बेसपाशी एकेक जादा. जवळच्या माइकचा आवाज मुख्य जोडीपर्यंत पोचतो तेवढ्या मिलिसेकंदांनी मागे ढकलावा, नाही तर तळ पोकळ होतो. कॅमेऱ्यांचं चित्र संगणकात येईपर्यंत उशीर होतो आणि आवाज आधी पोचतो. ओबीएस या प्रक्षेपणाच्या प्रोग्रॅममध्ये टाळी वाजवून मोजलं तर आमच्याकडे फरक तीन फ्रेम निघाला, तेवढा आवाज मागे केला. १०८० रेषांच्या चित्राला सेकंदाला सहा मेगाबिटपर्यंत लागतात, अपलोड त्याच्या दुप्पट हवा आणि तोही केबलवर. थेट प्रक्षेपण चालू असतानाच वेगळ्या रेकॉर्डरवर प्रत्येक माइकचा ट्रॅक साठवत होतो. लार्गेटोच्या मध्यावर नेट तुटलं तेव्हा ऐकणाऱ्यांना ४० सेकंद शांतता मिळाली, वादकांना काहीच कळलं नाही आणि ते वाजवत राहिले. त्याच रात्री साठवलेल्या ट्रॅकवरून तेवढा भाग भरून पूर्ण रेकॉर्डिंग पुन्हा चढवलं.